पिकअपने ठोकलं, आज पाचवा दिवस: पुरावा म्हणून आता काय गोळा करायचं?

ताई, तुमचं सगळं वाचलं. भाऊ रात्री साडेनऊला कापूरहोळकडून पुण्याला येत होता, सर्व्हिस रोडवरून उलट दिशेने आलेल्या पिकअपने समोरून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दोन्ही गाड्या ठाण्यात आहेत, फिर्याद अजून नोंदलेली नाही आणि पिकअपचा मालक रोज दवाखान्यात येऊन "केस नको, खर्च देतो" म्हणतोय. पुरावा म्हणून काय जमवायचं आणि उशीर तर झाला नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

उशीर झालेला नाही. पण काही गोष्टी आज आहेत आणि पुढच्या आठवड्यात नसतील, म्हणून जे सगळ्यात आधी नाहीसं होतं तिथून सुरुवात करतो. मी वकील नाही. 2017 मध्ये माझाच बाईकवर असताना अपघात झाला, दावा सव्वातीन वर्षं चालला. त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांबरोबर ठाणं, दवाखाना, कोर्ट असं फिरलोय. त्यातून जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात आधी सीसीटीव्ही. आज कुणाला तरी तिथे पाठवाच. दुकानातल्या डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीची, जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे महिनाभर टिकतं, कुठे आठवडाही नाही. पेट्रोल पंप, हॉटेल, टायरवाला, गॅरेज, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विचारा. धडक कॅमेऱ्यात आलेली नसली तरी चालेल. पिकअप उलट्या बाजूने शिरताना दिसला तरी अर्धं काम झालं.

माझ्या वेळी एका पंक्चरवाल्याच्या कॅमेऱ्यात ट्रक वळताना सापडला होता. चौथ्या दिवशी माझा मेव्हणा तिथे फुटेज बघायला गेला. पडद्यावरचं घड्याळ आणि खरी वेळ यांत अकरा मिनिटांचा फरक होता. त्याने एक शहाणपणा केला: डीव्हीआरचा चालू पडदा आणि शेजारी स्वतःच्या मोबाईलवरची वेळ, असा एकच फोटो काढला. पुढे उलटतपासणीत "फुटेजमधली वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळत नाही, हा दुसराच ट्रक आहे" असा मुद्दा आला, तेव्हा तो एक फोटो उपयोगी पडला. तुम्हीही तो फोटो घ्या.

फुटेज नव्या पेनड्राइव्हवर मूळ फाइल म्हणूनच घ्या. पडद्याचं मोबाईलने केलेलं शूटिंग फक्त जोडीला असू द्या. कुणी, कधी, कोणत्या डीव्हीआरमधून कॉपी केलं ते लिहून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील, पण त्यासाठी ही माहिती हवी. दुकानदार "पोलिसांशिवाय देणार नाही" म्हणाला तर वाद घालू नका. दुकानाचं नाव, पत्ता आणि नेमकी वेळ लिहून त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला अर्ज द्या की हे फुटेज पुसलं जाण्याआधी ताब्यात घ्यावं. पिकअप खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून आला असेल तर तिथला कॅमेरा आणि फास्टॅगची नोंदही त्याच अर्जात मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत फिरू नका.

दुसरी गोष्ट दवाखान्यातली, आणि हिच्याकडे जवळपास कुणाचंच लक्ष जात नाही. भावाला पहिल्यांदा ज्या कॅज्युअल्टीत नेलं, तिथल्या केसपेपरवर आणि एमएलसीच्या (पोलीस केस म्हणून दवाखाना करतो त्या) नोंदीत "अपघात कसा झाला" याची एक ओळ असते. ती ओळ आजच वाचा. मी वेदनेत डॉक्टरांना म्हणालो होतो, "गाडीवरून पडलो." डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. ट्रकचा उल्लेख नाही, धडकेचा नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी ती ओळ माझ्यासमोर धरून विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना पडलो म्हणून?" बाकी सगळे कागद माझ्या बाजूने होते, पण माझी निम्मी उलटतपासणी त्या एका ओळीवर गेली.

तुमच्याकडे तसं काही निघालं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नव्हता, धडक अमुक नंबरच्या पिकअपने दिली, याची पुढील नोंद घ्यावी. जुन्या कागदावर खाडाखोड मात्र कुणालाही करू देऊ नका, ती फार अंगाशी येते. शेतकऱ्याच्या गाडीतून आधी लहान दवाखान्यात आणि मग पुण्यात आणलं असेल, तर दोन्हीकडचे कागद हवेत. 108 ची रुग्णवाहिका आली असेल तर फोनची वेळ आणि कुठून उचललं याची नोंद त्यांच्याकडे असते, तीही मागवून घ्या.

फिर्याद. पाच दिवस झाले म्हणून ती नाकारता येत नाही. भाऊ दवाखान्यात होता हेच उशिराचं कारण आहे आणि ते फिर्यादीत लिहायला सांगा. भावाचा जबाब घ्यायला हवालदार येतील, तेव्हा तुम्ही जवळ थांबा. कुठल्या दिशेने जात होता, पिकअप कुठून आला, त्याचे दिवे चालू होते का, भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं का, हे सगळं जबाबात आलं पाहिजे. सही करण्याआधी त्याला पूर्ण वाचून दाखवा. काही राहिलं तर पुरवणी जबाब देता येतो. जे आठवत नाही ते "आठवत नाही" असंच लिहू द्या. वेग, अंतर अंदाजाने सांगितलं की पुढे तेच आकडे फिरवून फिरवून विचारतात.

फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात टोलवाटोलवी झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शिवाय 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचा दावा चालतो त्या कोर्टाकडे, जायला हवा. ठाण्यात या अहवालांची नावं घेऊन विचारा, बोलण्याचा सूर बदलतो.

आता जागा. पाच दिवसांत टायरचे ठसे पुसट झाले असतील, तरी जा. डिव्हायडरच्या कडेला काच, इंडिकेटरचा तुकडा, रंगाचा ओरखडा राहतो. उचलू नका, आधी आहे तिथेच फोटो काढा: एक लांबून, त्यात किलोमीटरचा दगड किंवा विजेचा खांब यावा, एक मधून, एक जवळून. जवळच्या फोटोत टेप किंवा निदान पेन ठेवा, म्हणजे आकार कळतो. पोलिसांचा स्थळ पंचनामा झाला नसेल तर तुकडा त्यांनाच दाखवून पंचनाम्यात घ्यायला लावा. रात्री साडेनऊला त्याच दिशेने येताना भावाला काय दिसत होतं, दिवे आहेत की अंधार, सर्व्हिस रोडचं तोंड कुठे उघडतं, याचा एक व्हिडिओ कुणाच्या तरी मागे बसून घ्या. गाडी चालवणाऱ्याने मोबाईल हातात घ्यायचा नाही. हे फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर दबले जातात आणि वेळेची मूळ माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो ज्या फोनवर काढले त्यातून काढून टाकू नका.

भावाची बाईक इतक्यात दुरुस्त करायची नाही. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आणि तुमच्या विमा कंपनीच्या सर्वेअरची पाहणी झाल्यावरच गॅरेजला द्या. ठाण्याच्या आवारात परवानगी घेऊन दोन्ही गाड्यांचे चारही बाजूंनी फोटो काढा. पिकअपची कुठली बाजू चेपली आणि बाईकचा कुठला भाग, यावरून धडकेची दिशा कळते. पिकअपचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून विमा चालू आहे का ते बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

हेल्मेट तडकलं असलं तरी टाकू नका. रक्ताचे कपडे धुऊ नका, सावलीत वाळवून कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. भावाच्या फोनचा त्या संध्याकाळचा कॉल लॉगही जपून ठेवा. "फोनवर बोलत होता" हा आरोप हटकून होतो.

ज्यांनी भावाला उचललं त्यांना आधी भेटून आभार माना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती नाही, त्यामुळे कोर्टाचं नाव काढून त्यांना घाबरवू नका. चहा घ्या, ऐका, स्वखुशीने तयार असतील तर नंबर घ्या.

बिलं, एक्स-रे, मांडीत घातलेल्या रॉडचं स्टिकर, रिक्षाच्या पावत्या, भावाच्या पगाराच्या पावत्या आणि रजेचा हिशेब एका फाइलमध्ये घालत राहा. दवाखाना सरकारच्या कॅशलेस योजनेत आहे का हेही आजच विचारा. 2025 च्या योजनेत दीड लाखापर्यंतचे उपचार आहेत, पण अपघातापासून फक्त सात दिवस.

पिकअपच्या मालकाबद्दल: मदत म्हणून पैसे देत असेल तर बँकेतून घ्या, "उपचारासाठी" एवढंच लिहून. स्टँपपेपरवर किंवा कोऱ्या कागदावर सही अजिबात नको, भावाची नको आणि तुमचीही नको. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात, पुढे आणखी ऑपरेशन निघू शकतं, तो खर्च आज कुणीच सांगू शकत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यात अपघातापासून सहा महिने दिलेत. "मिटवू, मिटवू" म्हणत तेच महिने निघून जातात, हे मी दोन घरांत पाहिलंय.

केसपेपरवरची ती ओळ आज संध्याकाळपर्यंत वाचून इथे जशीच्या तशी लिहा, नाव आणि नंबर झाकून. दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा मी रात्रीच टाकतो, म्हणजे उद्या सकाळी राउंडच्या वेळी डॉक्टरांना देता येईल.