गिटारच्या तारा लवकर का मरतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा संपत आला की तारांबद्दलचे प्रश्न हमखास येतात, आणि या महिन्यात तर बाकी सगळे विषय मागे पडले. म्हणून या वेळी फक्त तारा. चार महिन्यांच्या दमट हवेत काय काय झालंय ते वाचकांनी अगदी तपशिलात कळवलंय, त्यामुळे उत्तरंही तशीच देतोय.

प्रश्न : मी अकरावीत आहे, माझ्याकडे यामाहा एफ ३१० आहे. हाताला खूप घाम येतो. नव्या तारा पंधरा-वीस दिवसांत काळ्या पडतात आणि आवाज बसतो. मैत्रिणीची तीच गिटार आणि तारांचा सेटपण तोच, पण तिचा दोन-तीन महिने मस्त चालतो. घरचे म्हणतात तू नीट वापरत नाहीस. माझं काय चुकतंय? (एक वाचक, इंदिरानगर)

तुझं काही चुकत नाहीये, आणि हे उत्तर घरच्यांना वाचायला दे. घाम प्रत्येकाचा वेगळा असतो, कुणाचा कमी, कुणाचा जास्त, कुणाचा जास्त खारट, कुणाचा जरा जास्त आम्लधर्मी, त्यामुळे एकाच सेटचं आयुष्य दोन हातांत वेगवेगळं निघतं आणि त्यात वापरणाऱ्याचा दोष काहीच नसतो. दोष नसला तरी उपाय मात्र आहे.

आधी तार कशी असते ते बघ. तुझ्या गिटारच्या सगळ्यात बारीक दोन तारा म्हणजे नुसती स्टीलची तार, आणि बाकीच्या चार तारांमध्ये आत स्टील आणि त्यावर ब्रॉन्झची बारीक तार गच्च गुंडाळलेली. या वरच्या गुंडाळीत तांबं भरपूर असतं, ८०/२० लिहिलेल्या सेटमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. देवघरातली तांब्याची भांडी ओल्या हाताने ठेवली की दोन दिवसांत कशी काळवंडतात, तसंच या तारांचं होतं. पण काळं पडणं हे फक्त दिसण्यापुरतं, खरं नुकसान त्या गुंडाळीच्या आत होतं. घाम, हाताचं तेल, त्वचेचा बारीक भुसा हे सगळं वेढ्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसतं, तार कुठे जड कुठे हलकी होते, आणि नीट लवतच नाही. मग सगळ्यात आधी काय जातं तर ती झणझणीत चमक, म्हणजे वरचे बारीक स्वर, आणि उरतो तो बदबद आवाज. पुढे पुढे तर ट्यूनिंगही लागेनासं होतं, मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) तीच तार बेसूर.

म्हणून घाण आत जायच्या आधीच पुसायची, आत गेल्यावर नाही. वाजवायच्या आधी साबणाने हात धू आणि पूर्ण कोरडे कर, ओले हात तर न धुतलेल्या हातांपेक्षा वाईट. कॉलेज रोडला मिसळ खाऊन तसंच क्लासला जाणारे बरेच आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं, तर्रीचं तेल त्या फटींतून परत निघत नाही. आणि वाजवून झाल्या झाल्या, फोन हातात घ्यायच्या आधी, जुन्या सुती बनियनचा तुकडा किंवा मायक्रोफायबरचं कापड घे, एकेक तार कापडासकट अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धर आणि ब्रिजपासून, म्हणजे तारा बॉडीला अडकतात तिथपासून, नटपर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपर्यंत, ओढत ने. नुसता वरून हात फिरवणं म्हणजे पुसणं नाही. तारेची खालची बाजू, जी फ्रेटवर घासते, तिथेच घाम सगळ्यात जास्त राहतो आणि तीच बाजू सगळे विसरतात. शेवटी कापड तारांच्या खालून सरकवून फ्रेटबोर्डही (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) पुसून घे. ते कापड आठवड्याने धूत जा, नाहीतर कालचाच घाम आज परत तारांना लागतो.

तुझ्यासारख्या हातांसाठी मी कोटेड तारा नक्की सांगेन. एलिक्सिरसारख्या कंपन्यांच्या तारांवर प्लास्टिकच्या जातीचा अतिशय पातळ थर असतो, तो घाम आत जाऊ देत नाही. साध्या सेटपेक्षा बऱ्याच महाग असतात, आवाज सुरुवातीला किंचित कमी झणझणीत वाटतो, आणि जोरात पिक (तार छेडायची चकती) मारणाऱ्यांच्या तारांवर तो थर पिकच्या जागी कालांतराने धाग्यांसारखा निघायला लागतो. पण ज्यांचा साधा सेट पंधरा दिवसांत जातो त्यांना हिशोब करून बघितला तर हा महाग सेटच स्वस्त पडतो. ते बजेटमध्ये बसत नसेल तर ८०/२० ऐवजी फॉस्फर ब्रॉन्झ घे, त्या जरा सावकाश काळ्या पडतात.

प्रश्न : तारा साफ करायला काय लावावं? आमच्या ग्रुपमध्ये कुणी पितांबरी सांगतं, कुणी खोबरेल, कुणी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे), एकाने तर सॅनिटायझर सांगितलं. (वाचक, सिडको)

यातलं एकही नको. पितांबरी भांड्यांसाठी उत्तम, पण पावडर वेढ्यांत अडकली की बाहेर येत नाही आणि भांडं जसं नळाखाली धुता येतं तशी गिटार धुता येत नाही. लिंबू-मीठही त्याच कारणासाठी नको, वर मीठ म्हणजे गंजाला आमंत्रणच. खोबरेल तर अजिबात नको, चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली ते थिजतं, म्हणजे आपल्या नाशिकच्या थंडीत तारेच्या फटींत अक्षरशः मेण भरल्यासारखं होणार आणि वर धूळ चिकटणार ती वेगळी. डब्ल्यूडी-४० तारेवरून लाकडात झिरपतो. सॅनिटायझरमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, त्याने तार चिकट होते.

काही लावायचंच असेल तर मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते कापडाच्या कोपऱ्यावर थोडंसं, थेंब गळणार नाही इतकंच, घेऊन फक्त तारांवरून फिरवा. तारांखाली एक जाड कागद किंवा पुठ्ठा सरकवून ठेवा, कारण अल्कोहोलने फ्रेटबोर्डचं लाकूड कोरडं पडतं आणि बॉडीवरच्या पॉलिशला डागही पडू शकतो. हे महिन्यातून एखाद-दोनदा पुरे. रोजच्यासाठी कोरडं कापडच, त्याच्यापुढे कुठलीही बाटली नाही असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात हे खरं का? (वाचक, सातपूर)

बास गिटारच्या जाड तारांच्या बाबतीत थोडं खरं आहे. उकळल्यावर वेढ्यांमधली घाण आणि तेल सुटतं आणि थोडे दिवस चमक परत येते. बासचा सेट महाग असतो म्हणून लोक हे करतात. पण सहा तारांच्या गिटारला हे नका करू. तार आवळायच्या किल्लीवर एकदा वळलेली तार सोडून, सरळ करून परत त्याच जागी वळवली की तिथेच तुटते, आणि बारीक स्टीलच्या तारांना पाण्याने गंजच येतो. बासवाल्यांनीसुद्धा उकळल्यावर तारा पूर्ण सुकल्याशिवाय चढवायच्या नाहीत.

प्रश्न : आम्ही इगतपुरीला राहतो. पावसात भिंतींना ओल, कपाटात बुरशी, आणि गिटार तर वाजवली नाही तरी तारा गंजतात. काय करू? (वाचक, इगतपुरी)

तुमच्याकडचा पाऊस म्हणजे नाशिक शहराच्या पावसासारखा नाहीच, त्यामुळे नुसतं पुसून भागणार नाही. पहिलं म्हणजे गिटार भिंतीला टांगू नका, विशेषतः बाहेरच्या बाजूच्या भिंतीला. दुसरं, साधी कापडी बॅग ओल धरून ठेवते, ती पावसात भिजली असेल तर गिटार आत ठेवायच्या आधी पूर्ण वाळू द्या. शक्य असेल तर हार्ड केस घ्या आणि त्यात सिलिका जेलची पाकिटं ठेवा. रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं, ओल शोषली की रंग पालटतो, मग परत तापवून वाळवायचं की पुन्हा चालतं. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा छोटा हायग्रोमीटर केसमध्ये टाका. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात, तुमच्याकडे जुलैत तेवढी खाली आणणं कठीण आहे पण साठच्या आसपास आली तरी तारांना खूप फरक पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा, मार्च उजाडला की ती पाकिटं काढून टाकायची. आपल्याकडचा एप्रिल-मे एवढा कोरडा असतो की त्या वेळी सिलिका जेल ठेवलं तर लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात आणि टॉपला, म्हणजे बॉडीच्या पुढच्या फळीला, चीरही जाऊ शकते. तारांचा सेट परत विकत मिळतो, टॉप मिळत नाही.

प्रश्न : वाजवून झाल्यावर रोज तारा ढिल्या करून ठेवाव्यात का? (वाचक, देवळाली कॅम्प)

नाही. लाइट, म्हणजे बारीक तारांच्या, सेटच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो असतो आणि गिटारची मान तो ताण धरूनच बनवलेली असते. रोज सोडायचं रोज आवळायचं केलं की तार किल्लीपाशी लवकर थकते आणि ट्यूनिंगही स्थिर राहत नाही. सहा महिने हात लावणार नसाल तरच थोड्या उतरवा.

प्रश्न : मी चर्चमध्ये वाजवतो. माझी पहिली तार दर वेळी ब्रिजजवळच तुटते. चांगल्या कंपनीची घेतली तरी तेच. (वाचक, शरणपूर रोड)

मग कंपनी बदलून उपयोग नाही. तार दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर दोष तारेत कमी आणि त्या जागेत जास्त. ब्रिजवरच्या पांढऱ्या सॅडलला जिथे तार टेकते तिथे धारदार कड झाली असेल, बोट फिरवलं तरी कळेल. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने ती कड गोल करा, उंची कमी करायची नाहीये, फक्त धार बोथट करायची. किल्लीजवळ तुटत असेल तर तिथली कड बघा.

प्रश्न : मी नोटप्रेसमधून रिटायर झालो. कॉलेजातली गिटार माळ्यावरून काढली, तारा गंजलेल्या आहेत पण तुटलेल्या नाहीत. घासून वापरता येतील का? (वाचक, नाशिक रोड)

काका, परत वाजवायला घेताय हे वाचून फार बरं वाटलं. पण त्या तारा नका वाचवू. गंजलेली तार खरखरीत कानशीसारखी फ्रेट खाते, आणि फ्रेट बदलायचा खर्च कितीतरी सेटच्या पुढे जातो. शिवाय ट्यून करताना गंजकी तार तुटून तोंडावर येऊ शकते, म्हणून आवळू तर नकाच, उलट एकेक करून पूर्ण ढिली करा आणि मग पक्कडने कापा. तारा निघाल्या की फ्रेटबोर्ड किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडा करा, मान वाकलीय का ते वरून एका डोळ्याने बघा. नवा सेट घेताना दुकानात एक्स्ट्रा लाइट मागा, दहा नंबरचा, म्हणजे आणखी बारीक तारांचा, जुन्या लाकडावर ताणही कमी आणि इतक्या वर्षांनी बोटांनाही तोच सोसेल. आणि आधी बघून घ्या की गिटार स्टीलच्या तारांचीच आहे ना. नायलॉनच्या तारांची क्लासिकल असेल तर तिच्यावर स्टील अजिबात चढवू नका, ब्रिज उखडेल.