लिस्ट प्राइस म्हणजे नेमके काय, आणि त्या किमतीला फारसे कोणी घेत नसेल तर ती ठरवतात कशासाठी?

लिस्ट प्राइस म्हणजे उत्पादकाने आपल्या दरपत्रकात वस्तूपुढे छापलेली किंमत. विक्री त्याच किमतीला होते असे नाही. व्यापारात तरी ती केवळ हिशेबाची सुरुवात असते. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

उत्पादकाकडून माल घेणारे सगळे सारखे नसतात. घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार, एकदाच मोठी खरेदी करणारा कंत्राटदार अशा प्रत्येकासाठी निराळे दरपत्रक काढण्यापेक्षा दरपत्रक एकच ठेवून ज्याला त्याला सवलतीचा वेगळा टक्का देणे सोयीचे पडते. शिवाय कच्च्या मालाचे भाव हलले की शेकडो वस्तूंचे दर पुन्हा न छापता नुसता तो टक्का बदलला तरी भागते. दरपत्रकावरच्या या सवलतीला व्यापारी सूट म्हणतात. ती बिलातच वजा होते आणि हिशेबाच्या वह्यांत उरलेल्या रकमेचीच नोंद होते. रोख सूट वेगळी. ती ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते केल्याबद्दल मिळते आणि व्यापारी सूट वजा केल्यानंतरच्या रकमेवर मोजली जाते.

नवख्या खरेदीदाराची फसगत बहुधा ‘२० अधिक १० टक्के’ अशा भाषेत होते. छापील किंमत १००० असेल तर पहिल्या सवलतीनंतर ८०० उरतात आणि दुसरे १० टक्के या ८०० वर लागू होऊन किंमत ७२० वर येते. म्हणजे एकूण सूट ३० नव्हे, २८ टक्के. (क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येते, त्यामुळे त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.)

किरकोळ ग्राहकासमोर मात्र हीच लिस्ट प्राइस बहुतेकदा खोडलेल्या आकड्याच्या रूपात येते आणि तिथे तिचे काम बदलते: शेजारची किंमत स्वस्त भासावी एवढाच तिचा उपयोग उरतो. ज्या किमतीला ती वस्तू कधी विकलीच गेली नाही, तिच्यावरची ५० टक्के सूट माझ्या मते सूटच नव्हे. म्हणून दोन विक्रेत्यांची तुलना करताना टक्के बाजूला ठेवून कर आणि वाहतूक धरून हाती पडणारी अंतिम रक्कम विचारावी, आणि घाऊक खरेदी असल्यास कबूल केलेली सूट कोणत्या तारखेच्या दरपत्रकावर आहे, तेही लेखी घ्यावे.