दहावीचे शेवटचे तीन महिने: मार्क कुठे गळतात ते आधी बघा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात दहावीला आहे. प्रथम भाषा मराठी, द्वितीय इंग्रजी, तृतीय कन्नड. सहामाहीत मराठीत 100 पैकी 61 पडले. बाकीचे 80 पैकी: इंग्रजी 38, कन्नड 29, गणित 36, विज्ञान 44, समाज विज्ञान 40. आता तिला मामाच्या घरी बेळगावला ठेवून गणित-विज्ञानाची ट्यूशन लावावी काय, कुठला विषय आधी धरावा, आणि मोबाईल द्यावा की नको.

बेळगावला नेऊ नका. कारण सांगतो, पण त्याआधी हे आकडे एकदा नीट बघूया.

एसएसएलसी, म्हणजे आपली कर्नाटक मंडळाची दहावीची परीक्षा, 625 मार्कांची. प्रथम भाषा 125, बाकीचे पाच विषय प्रत्येकी 100. म्हणजे तीन भाषांचेच 325 झाले, निम्म्याहून जास्त. एकूण 625 मधले 125 अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळेत मिळतात. लेखी उरते 500 ची. तुमच्या मुलीचे लेखीत भाषांमध्ये 260 पैकी 132 गेलेत, आणि गणित, विज्ञान, समाज मिळून 240 पैकी 120 गेलेत. आणि तुम्ही ट्यूशन कशाची लावायला निघालाय? गणित-विज्ञानाची. मी स्वतः गणित शिकवतो, बरीच वर्षं शिकवतोय, तरी सांगतो की तिचे मार्क आधी भाषांमध्ये वाढतील, आणि कमी कष्टात वाढतील.

सुरुवात कन्नडपासून करा. आपल्याकडं घरात कन्नडची एक धास्ती असते, ती आधी पोरांच्या डोक्यात आपणच घालतो. बाजारात, बसमध्ये पोरगी कन्नड बोलते, कंडक्टरशी भांडतेसुद्धा. अडतं ते लिहिताना. तिचा सहामाहीचा कन्नडचा पेपर मागून घ्या आणि चुका कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा. मराठी माध्यमाच्या मुलांचं ठरलेलं असतं. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, आपल्याकडं तसा भेद नाही, म्हणून तिथं हमखास चुकतं. दुसरं म्हणजे ओत्ताक्षरं, अक्षराखाली येणारं जोडाक्षर. पोरं ते घाईत विसरतात किंवा भलतंच लावतात. या दोन गोष्टी आठवड्याभराच्या शुद्धलेखनानं बऱ्याच सुधारतात. रोज सकाळी धड्यातल्या आठ-दहा ओळी तुम्ही किंवा शेजारच्या कुणी वाचायच्या, तिनं लिहायच्या, आणि पुस्तक उघडून तिनंच तपासायच्या. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर गावात येणारं कुणीतरी असतंच की.

व्याकरणात तर आपल्या मुलांना आयतं मिळतं. सवर्णदीर्घ, गुण, वृद्धी, यण या संस्कृत संधी कन्नडमध्येही त्याच आहेत. तत्पुरुष, कर्मधारय, द्विगु, द्वंद्व, बहुव्रीही समासही तेच. ते मराठीत एकदा कळले की कन्नडमध्ये फक्त लिपी बदलते. नवीन शिकायच्या त्या कन्नडच्या स्वतःच्या लोप, आगम आणि आदेश संधी. त्या दोन-तीन बैठकांत होतात. पाठांतराची कविता, पत्र, निबंध आणि म्हणीचा विस्तार (म्हणीला कन्नडमध्ये गादे म्हणतात) हे घरी तयार होण्यासारखं आहे. पत्राचे दोनच नमुने घ्या, एक घरगुती, एक अर्जाचा, आणि ते न बघता लिहिता येईपर्यंत लिहून घ्या. 29 चे 50 व्हायला हरकत नाही.

मराठीचं मात्र मला वाईट वाटतं. आपली भाषा म्हणून कुणी अभ्यासच करत नाही, आणि पेपर सगळ्यात जास्त मार्कांचा तोच. 61 म्हणजे 39 गेले, म्हणजे जवळजवळ गणिताएवढेच. आपली पोरं बोलतात तसंच लिहितात. ‘करूलालोय’, ‘जाऊलालेत’ हे आपापसांत ठीक आहे, निबंधात उतरलं की तपासणारा लाल रेघ ओढणारच. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, आणि उत्तर तीन-चार वाक्यांचं मागितलेलं असताना एका ओळीत संपवलेलं. आठवड्यातून एक निबंध आणि एक पत्र लिहून शाळेतल्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना तपासायला द्यायला लावा. कुठलेही भाषाशिक्षक नको म्हणणार नाहीत, मुलं देत नाहीत हीच त्यांची तक्रार असते.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. पाठांतराची कविता, पत्र, व्यक्तीची माहिती दिलेली असते त्यावरून परिच्छेद, चित्रावरून वर्णन, आणि उतारा. हे पक्कं झालं की 38 वरून पन्नाशीत येते. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आता घेऊ नका.

आता माझा विषय. गणिताच्या पेपरात 38 प्रश्न असतात: 8 पर्यायी, 8 एकेका मार्काचे, 8 दोन मार्कांचे, 9 तीन मार्कांचे, 4 चार मार्कांचे आणि शेवटचा 1 पाच मार्कांचा. घाबरलेली मुलं त्या शेवटच्या पाचाच्या मागं लागतात. 36 मिळवणाऱ्या मुलीनं तिकडं बघायचंसुद्धा नाही. सरासरी-मध्यक-बहुलक, अंकगणिती श्रेढीतलं nवं पद आणि बेरीज, अंतराचं सूत्र, वर्गसमीकरण सूत्रानं सोडवणं, आणि दोन चलांतल्या समीकरणांचा आलेख. एवढं अगदी घोटून घ्या. प्रमेयांमध्ये थेल्सचं आणि बाह्यबिंदूतून काढलेल्या स्पर्शिका समान असतात ते, ही दोन पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा क्रमानं लिहायची सवय करा.

आलेखाचं जरा सांगतोच, कारण तिथं तयार मुलांचेही मार्क जातात. प्रत्येक समीकरणाला x आणि y चा तक्ता हवा. दोन बिंदूंवर रेषा निघते, पण तिसरा घ्या, म्हणजे चूक तिथल्या तिथं कळते. कोपऱ्यात प्रमाण लिहायचं. रेषेवर तिचं समीकरण लिहायचं. रेषा छेदतात तो बिंदू दाखवायचा, आणि खाली x बरोबर किती, y बरोबर किती हे लिहायचं. हे शेवटचं निम्मी मुलं विसरतात. सुरेख आलेख काढतात आणि उत्तर लिहीत नाहीत!

विज्ञानात ती बरी आहे. आकृत्या वाढवा: हृदय, मेंदू, फुलाचा उभा छेद, पाण्याचं विद्युत अपघटन. किरणाकृतीत किरणांवर बाण हवेतच, बाण नसेल तर मार्क कापतात. रासायनिक समीकरणं रोज चार-पाच संतुलित करायची, बस.

समाज विज्ञानात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन असे सहा तुकडे आहेत, म्हणून मुलं गोंधळतात. भारताचा नकाशा काढून ठिकाणं दाखवायचा प्रश्न पाच मार्कांचा. आठवड्यातून तीनदा हातानं नकाशा काढायचा, कर्कवृत्त, 82½ अंश पूर्व रेखावृत्त, बंदरं, धरणं भरायची. महिनाभरात तो प्रश्न खिशात. आणि इतिहासात आपल्या बेळगाव जिल्ह्याचंच आहे की. कित्तूरची राणी चन्नम्मा, 1824 चा लढा, त्यात मारला गेलेला इंग्रज अधिकारी थॅकरे, नंतर चन्नम्माचा साथीदार संगोळ्ळी रायण्णा याला 1831 मध्ये नंदगडला फाशी. नंदगड तुमच्यापासून किती लांब? 1924 चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, तेही बेळगावात. एका रविवारी नंदगडला समाधीवर घेऊन जा, तो धडा परत वाचायला लागणार नाही.

आता बेळगावचं. परक्या घरात, नव्या ट्यूशनमध्ये रुळायलाच महिना जातो, आणि तिथं बहुतेक वर्ग इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी भरलेले. तिला गणित येत नाही त्यापेक्षा सर काय बोलतात ते कळत नाही असं होईल. शाळेत जादा तास असतातच, ते बुडवू नका. रविवारी मराठी माध्यमासाठी दहावीच्या व्याख्यानमाला होतात, तेवढ्यासाठी सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत यायचं. तेवढं बेळगाव पुरे. घरी दोन गोष्टी तुम्ही सांभाळा. एक म्हणजे गावची यात्रा आणि पाहुण्यांची लग्नं, या दिवसांत नेमकी तीच येतात. तिला एक दिवस मोकळीक द्या, आठ दिवस पाहुण्यांचं चहापाणी करायला लावू नका. दुसरं, पहाटे उठवायचा हट्ट धरू नका. रात्री चांगलं वाचणारी असेल तर तसं. परीक्षा सकाळी असते, म्हणून शेवटचे पंधरा दिवस फक्त वेळ बदला.

मोबाईल द्या, पण कशासाठी ते आधी ठरवून द्या. आपली मुलं यूट्यूबवर मराठीत ‘दहावी गणित’ शोधतात आणि जे येतं ते महाराष्ट्र बोर्डाचं असतं. तिकडं गणित भाग 1 आणि भाग 2, विज्ञानही दोन भागांत, 40-40 मार्कांचे पेपर. आपलं गणित-विज्ञान एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांच्या धर्तीवर आहे. कोल्हापूरहून पाहुण्यांनी आणलेलं गाईडही त्याच कारणानं बाजूला ठेवा. व्हिडिओ बघायचेच तर एनसीईआरटी दहावीचे हिंदीतले बघू दे, आकृत्या आणि गणितं तीच असतात.

मंडळाच्या संकेतस्थळावर आदर्श प्रश्नपत्रिका असतात, मागच्या परीक्षांची उत्तरसूचीही मिळते. मराठी माध्यमाच्या उतरवून घ्या, खानापुरात झेरॉक्स काढा आणि मोबाईल परत घ्या. पूर्वतयारी परीक्षेआधी (मुख्य परीक्षेआधीची सराव परीक्षा) प्रत्येक विषयाची निदान एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, सलग बसून लिहायला लावा. पहिली पंधरा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला असतात, ती कशी वापरायची तेही त्यातच शिकेल.

आणि समजा मार्चमध्ये एखाद्या विषयानं दगा दिलाच, तर वर्ष जात नाही. 2024 पासून त्याच वर्षी पुन्हा परीक्षेला बसायची संधी असते, पास झालेल्यांनाही मार्क वाढवायला बसता येतं, आणि जास्त पडलेले मार्क धरले जातात. हे तुम्हाला सांगतोय. तिला आता सांगू नका, निकालानंतर बघू.

पूर्वतयारीचे पेपर हातात आले की कन्नड आणि गणिताच्या चुका इथं लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.