कंसातलं मशीन

ताई, सप्रेम नमस्कार.

मी 64 वर्षांची, हे 69. पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. माझे गुडघे आता कुरकुरायला लागलेत, म्हणून फ्लॅट विकून बाहेर कुठेतरी बैठं घर घ्यायचं ठरवलं. सातारा रोडला खंबाटकी उतरल्यावर, सुरूर फाट्याच्या अलीकडे एका स्कीममध्ये रो-हाऊस पाहिलंय. मागे डोंगर, पुढे चार झाडं लावण्यापुरती जागा, बजेटमध्ये बसतं. वाई जवळ, त्यामुळे बाजाराची सोय आहे. हायवे दोनशे मीटरवर. आम्ही दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास. मला सारखा घूंऽऽ असा आवाज येत होता, डोकं भणभणलं. हे म्हणाले, "कुठाय आवाज? मला तर काही ऐकू येत नाही." (कानाचं मशीन त्याही दिवशी घरीच राहिलं होतं, एजंट काय सांगतोय ते मलाच पुन्हा मोठ्याने सांगावं लागत होतं.) एजंट म्हणतो, कंपाउंडला अशोकाची रांग लावणार आहोत. मुलगा बंगळुरूहून म्हणतो, "आई, आठ दिवसांत सवय होते." सून म्हणते, डबल काच लावा. दोन लाख टोकन पंधरा दिवसांत द्यायचंय. हे रोज विचारतात, "चेक लिहू का?" तुम्हीच सांगा, हायवेच्या आवाजाची खरंच सवय होते, की मीच म्हातारपणी नाजूक झालेय?

कर्वेनगरची एक वाचक

अहो बाई, नाजूक-बिजूक काही झालेल्या नाही आहात तुम्ही. आवाज आहे आणि तो तुम्हाला आला. एवढंच असतं तर दोन ओळींत उत्तर संपलं असतं. मी अडकले ती तुमच्या कंसात.

"मशीन त्याही दिवशी घरीच राहिलं होतं." त्या दिवशी नव्हे, त्याही दिवशी. तुमच्या लेखणीतून तो "ही" निसटला आणि सगळं सांगून गेला. मशीन असं आपोआप घरी "राहत" नाही. यांचा चष्मा राहिला असता तर तुम्ही सोसायटीच्या गेटावरून रिक्षा परत फिरवली असतीत. साठ-सत्तर लाखांचं घर बघायला माणूस डोळे घरी ठेवून जात नाही. कान ठेवून गेला, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. का? मशीन घाला म्हटलं की ते चिडतात, बरोबर? मग चारचौघांत त्यांना "काय? काय म्हणाले?" करायला लागू नये म्हणून तुम्ही मध्ये उभ्या राहिलात. एजंट बोलला, तुम्ही सांगितलंत. ते बोलले, एजंटने ऐकलं. शेवटी "मला तर काही ऐकू येत नाही" हे अगदी खरं वाक्य ते स्वतःच्या कानांबद्दल बोलले, आणि सगळ्यांनी ते हायवेबद्दल आहे असं धरलं. तुम्हीसुद्धा!

त्यांच्यावर रागवायचं काम मी तुमच्याकडेच सोडते. माझा राग तुमच्यावर आहे.

आता आवाजाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय कंसाचं महत्त्व कळणार नाही.

सवय होते का? मनाला होते. महिन्याभराने तुम्हाला आवाज "जाणवत" नाही. शरीर मात्र तितकं सरावत नाही. झोपेत ट्रक गेला की तुम्हाला जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, झोप उथळ होते. मुलाचं आठ दिवसांचं गणित विशीतल्या हॉस्टेलवरचं आहे. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी सल्ला दिला, त्यातही रस्त्याच्या रात्रीच्या आवाजाला 45 चाच आकडा आहे. पण नियम दाखवून हायवेवरचा ट्रक थांबत नाही, तेव्हा तो आकडा तुम्ही आपल्यापुरता लक्षात ठेवा.

दोनशे मीटर ऐकायला लांब वाटतं. रस्त्याचा आवाज एका ठिपक्यातून येत नाही, अख्ख्या रेघेतून येतो, म्हणून तो हळूहळू विरतो. अंतर दुप्पट केलं तर साधारण 3 डेसिबल कमी होतात, मध्ये नांगरलेलं मऊ रान असेल तर थोडे जास्त. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र 10 डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे उघड्या सपाट जागेत दोनशे मीटरचे दोन किलोमीटर करायला हवेत. अशोकाची एक रांग डोळ्यांना हायवे झाकते, कानाला नाही. झाडांनी आवाज खरोखर अडवायचा तर कित्येक मीटर रुंद दाट जंगल लागतं. उंच भरीव भिंत किंवा मातीचा बांध चालतो, पण तो इतका उंच हवा की तुमच्या खिडकीतून रस्ता दिसता कामा नये. डबल काच उत्तम, खिडकी बंद असेपर्यंत. वाईजवळ घर घेऊन खिडक्या बंद करून बसायचं असेल तर कर्वेनगर काय वाईट होतं? आणि बाग काचेच्या आत आणता येत नाही.

रविवारी अकरा वाजता तुम्हाला जे ऐकू आलं ते महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्या मोटारींचं. खरा हायवे रात्रीचा. पुण्या-मुंबईत अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध असल्यामुळे बरेच ट्रक रात्री धावतात, भाजीपाला पहाटेच्या बाजाराला पोचवायचा असतो, आणि घाट संपल्यावर मोकळा रस्ता दिसला की ड्रायव्हर गाडी सोडतात. शिवाय थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून खाली येतो. दिवसा दूर वाटणारा रस्ता डिसेंबरच्या पहाटे उशाशी येऊन बसतो. पावसात ओल्या रस्त्यावर टायर अजून सुंसुं करतात.

पण हे सगळं तुम्ही सोसाल. बायका सोसतात, त्यात नवल नाही. मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

वयाने येणारा बहिरेपणा एकदम सगळं घेऊन जात नाही. बारीक, टोकदार आवाज आधी जातात. त, ट, क, स, फ असल्या व्यंजनांचे आवाज तिथलेच. स्वर उरतात. तुम्ही "ताट घ्या" म्हणालात की त्यांच्यापर्यंत पोचतो तो मधला "आ". ताट, काठ, पाट, पाक, सगळं एकच. शांत खोलीत तुमचे ओठ बघून, सवयीने, अंदाजाने ते जुळवून घेतात, आणि इतकी वर्षं चाललंय म्हणून तुम्हाला वाटतं की चालतंय. साधं बोलणं हातभर अंतरावर 60 डेसिबलच्या आसपास असतं. चांगल्या कानाला मागे जवळजवळ तितकाच गोंगाट असला तरी बरंच कळतं. अधू कानाला बोलणं गोंगाटाच्या खूप वर लागतं. लग्नाच्या हॉलमध्ये ते कोपऱ्यात बसून नुसते हसतात ना, ते यामुळे.

आता त्यांच्या कानात मशीन घाला आणि त्या बागेत बसवा. मशीन तुमचं बोलणं मोठं करतं तसं टायरचंही करतं. नव्या डिजिटल मशीनना गोंगाट थोडा दाबता येतो, पण बायको कुठली आणि ट्रक कुठला हे त्यांनाही पुरतं वेगळं काढता येत नाही. तासाभरात ते म्हणतील, "काय कटकट आहे," आणि मशीन काढून डबीत ठेवतील. मग त्यांना शांत वाटेल. खरोखर शांत. डोंगर, झाडं, चहा. पलीकडच्या खुर्चीत तुम्ही. हायवे एकटीने ऐकाल आणि त्यांच्याशी बोलायला पाचव्यांदा तेच वाक्य ओरडून सांगाल. पुढे पुढे कंटाळून महत्त्वाचं तेवढंच सांगाल. लाइट बिल, गोळ्या, मुलाचा फोन. नातवाने काय गंमत केली ते ओरडून सांगण्यासारखं नसतं, ते सांगायचं राहून जाईल.

मी हे उगाच रंगवत नाहीये. माझे बाबा असेच. आई त्यांचा कान होती. दारावरची बेल, फोन, पाहुण्यांचे प्रश्न, डॉक्टरांच्या सूचना, सगळं आईमार्फत. आई बोलता बोलता बाबांकडे वळून तेच पुन्हा थोडं जोरात म्हणायची, आम्हाला ती तिची लकब वाटायची. आई गेली. तेराव्या दिवसापर्यंत घरात माणसं होती. चौदाव्या दिवशी मी बाबांना विचारलं, "चहा टाकू का?" आणि ते म्हणाले, "हो, उद्या जाऊ." तेव्हा आम्हा तिघा भावंडांना कळलं की या माणसाला कित्येक वर्षं ऐकू येत नाहीये. पंच्याऐंशीच्या घरात मशीन घेतलं, पण तोवर मेंदू आवाज विसरला होता. डॉक्टर म्हणाले, दहा वर्षं आधी आणायला हवं होतं. कोण आणणार? आईने कोणाला कळू दिलं तर ना.

म्हणून तुमची माया मला दिसते, पण तिचं कौतुक मी करणार नाही.

मशीनच्या बॅटऱ्यांची पट्टी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते तुम्हाला माहीत असेलच. त्या बारीक गोल बॅटऱ्या, मागे रंगीत स्टिकर असलेल्या. स्टिकर सोलला की ती सुरू होते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, रोज वापरली तर एक पट्टी फार टिकत नाही. तुमची पट्टी किती महिन्यांची आहे ते बघा. चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जरवरची धूळ बघा. मग सांगा, ऐकू येत नाही ही तक्रार कोणाची आणि ती लपवतंय कोण.

तर आता काय करायचं. चेक लिहायचा नाही. टोकन म्हणजे काही अंतरपाट धरलेला नाही, मुदत एजंटने घातली आहे, तो वाढवेल. नाही वाढवली तर घर गेलं, बिघडलं नाही. एजंटला सांगा, आम्हाला त्या घराची नाहीतर शेजारच्या सॅम्पल हाऊसची किल्ली एका रात्रीसाठी हवी. मधला वार, बुधवार-गुरुवार. दोन सतरंज्या, थर्मास, आणि मशीन. मशीन त्यांच्या कानात कर्वेनगरच्या दारातच गेलं पाहिजे. गेलं नाही तर तुम्ही गाडीत बसायचं नाही. कारण विचारलं तर खरं ते सांगा. इतकी वर्षं बोलला नाहीत ते जिन्यात उभं राहून बोला, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल.

तिथे पोचल्यावर एजंटचं एक वाक्यही तुम्ही पुन्हा सांगायचं नाही. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही डोंगराकडे बघा. कठीण जाईल, माहिती आहे.

रात्री अकरानंतर पुढच्या अंगणात खुर्च्या टाका. दिवा बंद ठेवा, म्हणजे त्यांना तुमचे ओठ दिसणार नाहीत. मग तुमच्या नेहमीच्या आवाजात काहीही बोला. लग्नानंतरची पहिली भाड्याची खोली आठवते का विचारा. उद्या भरली वांगी करू का विचारा. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावून ठेवायला हरकत नाही, आकडा अंदाजापुरताच समजा. मोजायचं ते हे, की तुमची वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचतात का. पहाटे चारला उठून पुन्हा तेच. वांग्याला "हो" आलं आणि खोलीची आठवण निघाली, तर घर घ्या, मी अडवणार नाही. उठून, आत येऊन, दार-खिडकी लावून मगच बोलणं जमत असेल तर सकाळी किल्ली परत करा आणि हायवेपासून आत, टेकडीच्या आडोशाला वाईच्या आतल्या गावांकडे घर बघा. दवाखाना पंधरा मिनिटं लांब पडेल, पडू दे.

आणि तिथे काय झालं ते मला कळवा. पण पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. यजमानांना लिहू दे.