पॅकेट जातं, परत का येत नाही?

प्रश्न : मॅडम, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात नवीन लेअर थ्री मॅनेज्ड स्विच (रूटिंगही करू शकणारा) बसवला. त्यावर दोन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) केले : व्हीलॅन १० ऑफिसला (१९२.१६८.१०.०), व्हीलॅन २० कॉम्प्युटर लॅबला (१९२.१६८.२०.०), मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. राउटर १९२.१६८.१.१ आणि स्विच १९२.१६८.१.२. स्विचवर रूटिंग (एका नेटवर्कमधलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दुसऱ्यात पोचवणं) चालू आहे, डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) राउटरकडे दिला आहे. लॅबमधून ऑफिसचा प्रिंटर पिंग होतो (हाक मारली की उत्तर देतो), स्विचवरून ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता पण पिंग होतो. तरी लॅबमध्ये इंटरनेट नाही, ऑफिसमध्येही नाही. ज्यांनी स्विच दिला त्यांचा माणूस म्हणतो, स्विचच बदला.
– लॅब असिस्टंट, इचलकरंजी

उत्तर : स्विच बदलू नका! तो ठणठणीत आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. लॅबमधून प्रिंटरपर्यंत पिंग जाऊन परत येतो, म्हणजे दोन व्हीलॅनमधलं रूटिंग स्विच नीट करतोय. लॅबच्या मशीनवरचा गेटवे (दुसऱ्या नेटवर्कला जायचं पॅकेट ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता) चुकला असता, तर प्रिंटरनेही उत्तर दिलं नसतं. घोडं अडलंय ते राउटरपाशी.

स्विचवरून ८.८.८.८ ला पिंग लागतो, यावर विसंबू नका. तो पिंग १.२ (म्हणजे १९२.१६८.१.२; पुढे पत्त्यांचे शेवटचे दोनच आकडे लिहितेय) या पत्त्यावरून निघतो. १.० हे नेटवर्क राउटरच्या स्वतःच्या पोर्टवर आहे, त्यामुळे उत्तर कुठे पोचवायचं हे त्याला ठाऊक असतं. लॅबचं मशीन मात्र, समजा, २०.३५ वरून बोलतं. उत्तर राउटरपर्यंत आलं, तरी २०.० हे नेटवर्क कुठल्या दिशेला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग तो ते पॅकेट आपल्या डिफॉल्ट रूटने, म्हणजे उलट इंटरनेटच्या बाजूला ढकलतो आणि ते तिथेच मरतं.

खात्री करायची तर लॅबच्या एका मशीनवर बसा. आधी १९२.१६८.१.२ पिंग करा, मग १९२.१६८.१.१. पहिल्याचं उत्तर येईल, दुसऱ्याचं येणार नाही. हे दोन पत्ते एकाच केबलच्या दोन टोकांना आहेत. असं झालं, तर दोष परतीच्या रूटमध्येच आहे. सिस्कोचा स्विच असेल, तर पिंग करताना सोर्स म्हणून व्हीलॅन २० द्या. लॅबमध्ये न जाताही हेच दिसेल.

आता राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहून दिलेली वाट) घाला : नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, पुढचा पत्ता १९२.१६८.१.२. तसाच दुसरा १०.० साठी. कुणी म्हणेल, दोन कशाला, १९२.१६८.०.० ला २५५.२५५.०.० मास्क लावून एकच रूट टाका. चालेल, पण मी टाकणार नाही. उद्या कुणी ७७.५ असा नसलेला पत्ता मारला, तर राउटर ते पॅकेट स्विचकडे देणार, स्विच डिफॉल्ट रूटने परत राउटरकडे, आणि टीटीएल (पॅकेटला किती टप्पे जाता येईल त्याची मर्यादा) संपेपर्यंत त्याची नुसती ये-जा चालू राहणार. एक ओळ जास्त लिहावी लागली तरी बेहत्तर.

रूट घातल्यावर १.१ पिंग झाला पण ८.८.८.८ नाही, तर राउटरचं नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारी सोय) पाहा. बऱ्याचदा ते फक्त १.० साठी लावलेलं असतं, त्यात १०.० आणि २०.० जोडा. ८.८.८.८ लागतो पण साइट उघडत नाही, तर मशीनवरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तपासा.

त्या माणसाला हे दोन पिंग समोर बसवून दाखवा. संस्थेचा पैसा विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो. दोन पिंगमध्ये कळणाऱ्या गोष्टीसाठी नवा स्विच घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या शाखेत सिस्कोचा स्विच आहे. त्यावर दोन व्हीलॅन करून ‘आयपी रूटिंग’ चालू केलं, तेव्हापासून मुख्य कार्यालयातून स्विचवर लॉगिन होत नाही. शाखेतून होतं. डिफॉल्ट गेटवेची ओळ पूर्वीचीच आहे.
– संगणक विभाग, सांगली

उत्तर : ती ओळ आहे, पण आता स्विच ती वाचत नाही. ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ फक्त रूटिंग बंद असताना लागू होतं. रूटिंग चालू केलं की स्विच रूटिंग टेबल पाहतो, आणि तुमच्याकडे तिथे डिफॉल्ट रूट नाही. ‘शो आयपी रूट’ दिलंत तर ‘गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट’ असं लिहिलेलं दिसेल. ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.०’ आणि पुढे शाखेच्या राउटरचा पत्ता, एवढं द्या. लॉगिन लगेच सुरू होईल. नवीन व्हीलॅनचे परतीचे रूट शाखेच्या राउटरवर आहेत का, तेही वरच्या उत्तराप्रमाणे पाहून घ्या.

हे काम शाखेत बसूनच करावं लागेल. उठण्यापूर्वी ‘राइट मेमरी’ द्यायला विसरू नका, नाहीतर शाखेतली लाइट गेली की स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर उठेल आणि तुम्हाला पुन्हा तिथवर जावं लागेल.