सुईनं लेकरू पडते का वो मॅडम?

सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून लेकराला येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, समुपदेशन करते त्याला आता बरीच वर्षं झाली आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, म्हणून एका घरची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव लिहीत नाही, बारीकसारीक तपशीलही बदललेत.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. दुपारी सासू-सून आल्या, पायावर बांधीतला चिखल तसाच वाळलेला. सुनेला नववा आठवडा, आणि कडेवर चार वर्षांचा पोरगा, डोळे पिवळे, हात काडीसारखे. पोरगा एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त, दोनदा रक्त चढलेलं, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू. आईबाप दोघं एएस, म्हणजे वाहक, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. पहिल्या खेपेला हिची टेस्ट झाली तीच मुळी सातव्या महिन्यात, पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याचीही करा असं कोणी सांगितलंच नाही, आणि मग पोरगा सात-आठ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले तेव्हा सगळं कळलं. मला याचं अजूनही वाईट वाटतं, कारण नवऱ्याचं दोन मिलीलीटर रक्त वेळेवर घेतलं असतं तर त्या घराला पोरगा जन्मायच्या आधीच माहीत झालं असतं.

सासूनं बसता बसताच विचारलं, "मॅडम, नागपूरले पाठवता म्हणे, पोटात सुई टोचतात, त्या सुईनं लेकरू पडते का वो?"

अशा वेळी मी "काही होत नाही" असं म्हणत नाही, कारण ते खरं नाही आणि बाया खोटं लगेच ओळखतात. मी म्हटलं, मावशी, बाळाला सुई लागतच नाही. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई घालतात आणि वारेचा अगदी कणभर तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. वार आणि बाळ एकाच बीजापासून झालेले, म्हणून वारेत जे दिसतं ते बाळात असतं. सवय असलेल्या डॉक्टरच्या हातून केलं तर त्या सुईमुळे गर्भ पडायचा धोका २०० बायांमध्ये एक किंवा त्याहूनही कमी. आणि तुमच्या सुनेला बाळ एसएस व्हायचा धोका किती? चारात एक. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि मग तुम्हीच सांगा.

त्यावर सून हळूच बोलली, "पण एक तर आजारी झालाच ना मॅडम, मग आता तीन चांगलेच होतीन?" हा गैरसमज मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलाय. तसं नसतं गं. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक एसएस, दोन एएस, एक चांगली, आणि दर गरोदरपणात चारही चिठ्ठ्या परत डब्यात टाकूनच एक काढायची असते, मागची आठवण डब्याला नसते.

खरी घाई आठवड्यांची असते. सीव्हीएस साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत करतात, दहाच्या आत करत नाहीत कारण बाळाच्या हातापायाला इजा व्हायची भीती असते. ती वेळ गेली तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तपासता येतं, पण तोवर पोट दिसायला लागतं, बाळ हालायला लागतं, आणि मग आईला काहीही ठरवणं फार जड जातं. नुसत्या सोनोग्राफीत सिकलसेल दिसत नाही, हेही सांगावं लागतं. आणि जाताना दोघांचं रक्त, दोघांचे एचपीएलसीचे, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं ते दाखवणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट सोबत लागतात. सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका, ती फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, नवरा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असेल तर ती निगेटिव्हच येते आणि बाळाला मात्र दोन्हीकडून मिळून आजार होऊ शकतो.

गावात बोभाटा झालाच, पोरगा-पोरगी पाहाले गेले म्हणून. तर गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात अशा आनुवंशिक आजारासाठी तपासणीला परवानगी आहे, फॉर्मवर सही घेतात आणि लिंग कोणालाही सांगत नाहीत, सांगणं गुन्हा आहे.

अकराव्या आठवड्यात तिची तपासणी झाली. दोन-तीन दिवस जड उचलायचं नाही, ताप आला, रक्त गेलं, पाणी गेलं तर लगेच दवाखाना, एवढं बजावलं होतं, आणि सासूनं तिला आठ दिवस बांधीत पाय ठेवू दिला नाही. तेराव्या आठवड्यात रिपोर्ट आला, एसएस.

नवरा-बायको माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसले. मी काय करा ते सांगितलं नाही, सांगूही नये. त्याच सुमारास दुसऱ्या एका जोडप्यानं एसएस कळूनही बाळ ठेवलं, आणि आधीच माहीत असल्यामुळे त्या बाळाला दोन महिन्यांपासून पेनिसिलीन, न्यूमोनियाची लस सगळं वेळेवर सुरू झालं. टेस्ट केली म्हणजे पाडावंच लागतं असं अजिबात नाही. पण हिला हे गरोदरपण थांबवायचं होतं, २० आठवड्यांपर्यंत कायद्यानं एका डॉक्टरच्या मतावर ते करता येतं, आणि तिनं ते केलं. ती रडली, मीही घरी जाऊन रडले. सासू तेवढंच म्हणाली, "रातभर नातवाचे पाय मी शेकते मॅडम, मले माहीत आहे. तिले कोणी काही बोलाचं नाही."

यंदा जूनमध्ये फोन आला, अजून पाऊसही लागला नव्हता. "मॅडम, सातवा आठवडा लागला. रोवणीच्या आधी नागपूरची तारीख भेटन का?"