कॉफीत तूप घालू की नको?

प्रश्न: वय ४२, सांगलीला असते. बहिणीचं ऐकून दोन महिने झाले नाश्ता बंद केलाय आणि सकाळी काळ्या कॉफीत दोन मोठे चमचे साजूक तूप नि एक मोठा चमचा खोबरेल तेल घालून पिते. दुपारी १ पर्यंत भूक लागत नाही. आधी दोन किलो उतरले, आता महिनाभर काटा हलत नाहीये. परवा रिपोर्ट आला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ वरून १५२ झालंय. डॉक्टर म्हणतात तूप बंद, बहीण म्हणते हे चांगलं फॅट आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर: डॉक्टरांचं ऐका. बहीण रुसेल, रुसू दे.

आधी हिशोब करू. मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरला तर दोन चमचे तुपाच्या २५० च्या आसपास कॅलरी, तेलाच्या अजून १२०. म्हणजे कप रिकामा होईतो पावणेचारशे पोटात, आणि त्यात सॅच्युरेटेड फॅट साधारण २८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते हे फॅट दिवसभराच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. तुम्ही दिवसाला १८०० कॅलरी खात असाल तर ते २० ग्रॅम होतात, म्हणजे सकाळी आठलाच तुमचा कोटा संपून वर उधारी, आणि दुपारच्या वरणभातावरचं तूप अजून बाकीच आहे.

भूक लागत नाही हे मात्र खरं, फॅटमुळे पोट हळू रिकामं होतं. दोन किलो उतरले ते नाश्ता सुटला म्हणून असणार, तुपात काही जादू नाही. तरतरी म्हणाल तर ती कॅफिनची, नुसत्या काळ्या कॉफीतही येते. आणि या कपात प्रोटीन जवळपास शून्य हो, दोन अंडी खाल्ली असती तर १२ ग्रॅम मिळालं असतं, चाळिशीनंतर स्नायूंना ते हवंच असतं.

खोबरेलाचं म्हणाल तर लोक एमसीटी एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीचं फॅट) करतात, ते फॅट थेट लिव्हरकडे जातं आणि त्याचे लवकर कीटोन (फॅटपासून बनणारं शरीराचं इंधन) होतात हे बरोबर आहे, पण त्यासाठी विकतात त्या तेलात सी-८ आणि सी-१० (आठ आणि दहा कार्बनच्या साखळीचं फॅट) असतात, आणि आपल्या खोबरेलात निम्मं लॉरिक अॅसिड असतं जे बऱ्यापैकी साध्या फॅटसारखंच वागतं. बरं ते एमसीटी तेलही रिकाम्या पोटी एकदम घेतलं तर बाथरूम गाठावं लागतं, हा माझा स्वतःचा अनुभव, जास्त विचारू नका.

हे फॅड अमेरिकी उद्योजक डेव्ह अॅस्प्रे यांनी २००९ च्या सुमारास गाजवलं, कल्पना तिबेटमधल्या याकच्या लोण्याच्या चहावरून. तिकडे बोचऱ्या थंडीत ओझी घेऊन डोंगर चढायचे असतात, आपण रिक्षानं स्टँडपर्यंत जातो.

आता करायचं काय? महिना दीड महिना कॉफी कोरीच घ्या, सोबत अंडी किंवा मुगाचं धिरडं, आणि मग लिपिड (रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे) परत तपासा. अजून एक, स्टीलच्या फिल्टरची किंवा उकळलेली कॉफी असेल तर तिच्यातलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्यही एलडीएल वाढवतं, कागदी फिल्टरमध्ये ते अडकतं, इन्स्टंटमध्ये फारच कमी असतं. तुपाचा अगदीच मोह झाला तर छोटा चमचा, आणि त्या दिवशी भातावर नाही.

प्रश्न: वडिलांना (६८) शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. त्यांनाही हीच कॉफी नाश्त्याऐवजी देऊ का, साखर नाहीये ना त्यात?

उत्तर: नको! ही गोळी घेऊन वर काही खाल्लं नाही तर शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते, आणि तुपाने ती लगेच वर येत नाही. पित्ताशयात खडे असतील तर इतकं फॅट एकदम घेऊन रात्री पोट धरून बसायची वेळ येते ते वेगळंच. आणि फास्टिंग टेस्टच्या सकाळी 'कॉफीच तर आहे' म्हणून देऊ नका हं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढून येतील.

प्रश्न: माझं तूप वर तरंगतं, मिक्सरमध्ये फिरवू का?

उत्तर: फिरवा, पण कढत कॉफी भांड्यात अर्ध्यापर्यंतच आणि झाकणावर फडका धरून, नाहीतर वाफेनं झाकण उडतं. लोण्यात दुधाचं प्रोटीन थोडं असतं म्हणून फेस टिकतो, तूप पाच मिनिटांत परत वर येतं. मी पहिल्यांदा केली तेव्हा फडका धरला नव्हता, टाइल्सवरचे तुपाचे डाग अजून आहेत.